सहा नंबरचं मशीन आणि गॉगलवाले अध्यक्ष

आईशप्पथ सांगतो, खाली लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता शब्द न् शब्द म्हणजे... माणूस सांगायला बसला की इकडचं थोडं तिकडं होतंच. माझी बायको म्हणते, "तुम्ही दूध आणायला गेलात तरी येताना वाघ घेऊन येता." म्हणून आधीच कबूल करून ठेवतो, यात एक गोष्ट मी पदरची घातलीय. कुठली, ते शेवटी सांगतो. बाकी सगळं खरं.

असले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या कडेगावच्या वाचनालयात माळ्यावर जुने दिवाळी अंक कसे साठतात? कुणी ठेवल्याचं कबूल करत नाही, कुणी टाकून देत नाही, आणि एक दिवस माळा वाकतो. माझा माळा गेल्या दसऱ्याला वाकला. निमित्त लिनक्स.

*

आमच्या वाचनालयाला एक कॉम्प्युटरची खोली आहे. सहा मशीन. मागच्या अध्यक्षांनी नारळ फोडून चालू केलेली. पण सहाही इतकी म्हातारी झाली होती, की बटन दाबून माणूस चहा पिऊन आला तरी पडद्यावर गोल फिरतंच असायचं. त्यात व्हायरस. एका मशीनवर तर काहीही लिहिलं की आपोआप लॉटरीची जाहिरात उघडायची.

त्यामुळं समितीतल्या काही जणांच्या मनात आलं, मशीन भंगारात द्यावीत आणि खोलीत लग्नाकार्याची भांडी ठेवावीत. भांडी वाचनालयाचीच. आमच्याकडं पुस्तकापेक्षा पातेल्याला मागणी जास्त. ठरावही तयार झाला, दसऱ्याच्या वार्षिक सभेत मांडायचा.

त्या खोलीसाठी म्हणून संस्थेनं एक बाई नेमलेली. निलोफर. मशिदीमागच्या शिंपीकाम करणाऱ्या चाचांची मुलगी. गावातल्या बायकांचे फॉर्म भरून देणं, पोरींना टायपिंग शिकवणं, आणि राहिलेल्या वेळात वाचनालयाची जुनी रजिस्टरं मशीनवर चढवणं, असं तिचं काम. कुठलं पुस्तक आहे, कुणी नेलं, कधी परत दिलं, सगळं. दोन वर्षं ती हेच करत होती. खोली गेली, की तिची नोकरी गेली. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

समितीच्या बैठकीत मी मागं बसलो होतो. निलोफर दारात उभी होती, रजिस्टर छातीशी धरून. मला काय झालं कुणास ठाऊक, मी उठलो आणि म्हणालो, "मशीन भंगारात कशाला? लिनक्स टाकू, म्हाताऱ्या मशीनवरही पळणारी फुकटची सिस्टीम. शिरवळच्या कंपनीत बारा वर्षं मी लिनक्सच चालवलंय."

अध्यक्ष आबांनी माझ्याकडं पाहिलं. आबा म्हणजे पूर्वेकडच्या माळावरनं आलेलं घराणं. तरुणपणी मेंढरं राखली, मग इकडं ऊस लावला. आता वाचनालयाचे अध्यक्ष, कारण इमारतीची जागा त्यांची. ते म्हणाले, "शिवा, दसऱ्यापतोर टाईम हाय तुला. मशीन पळाली तर खोली ऱ्हाईल. न्हाई पळाली तर पातेली."

*

आता शिरवळचं सांगतो. मी तिथं इलेक्ट्रिशियन होतो, हे खरं. तिथल्या एका मशीनवर लिनक्स होतं, हेही खरं. चालू होताना पडद्यावर कोपऱ्यात एक पेंग्विन यायचा. तो आला की फडक्यानं पडदा पुसायचा, हे माझं काम. बारा वर्षं मी त्या पेंग्विनला रोज आंघोळ घातली. त्यापलीकडं आमची ओळख नाही.

तरी मी घाबरलो नाही. माधवनगरला माझा मित्र सुरेश आहे, कॉम्प्युटर रिपेअरीचं दुकान टाकलेला. त्याच्याकडं गेलो. त्यानं सहा पेनड्राइव्हवर लिनक्स भरून दिलं आणि समजावून सांगायला खुर्ची ओढली. मी छाती पुढं काढून म्हणालो, "मला काय सांगतोस, शिरवळला बारा वर्षं..."

"अरे हो की," सुरेश म्हणाला, आणि खुर्ची परत मागं सारली. "मग तुला काय सांगायचं? पेनड्राइव्ह लाव, त्यावरनं चालू कर, पुढचं तुला माहीतच आहे."

त्या खुर्चीची मला पुढं रोज आठवण आली.

*

पण पेनड्राइव्ह लावले आणि काय सांगू! दोन-तीन मिनिटांत सहाही मशीन उघडली. निळा डोंगर, खाली नीटनेटकी पट्टी, गोल फिरणं नाही, लॉटरी नाही. बायका फॉर्म भरायला आल्या, त्यांनी इंटरनेटचं चित्र ओळखलं, दाबलं, चाललं. एकीनं विचारलं, "भाऊ, नवीन मशीन आणली व्हय?" मी नम्रपणे मान खाली घातली.

निलोफर मात्र पडद्याकडं बारकाईनं बघत होती. डेस्कटॉपवर वरच्या बाजूला एक चित्र होतं, त्याखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. तिनं विचारलं, "भाऊ, हे कशाचं आहे?"

ते कशाचं आहे हे मला माहीत असतं तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. मी सरळ म्हणालो, "ते दाबायचं नाही. ते कंपनीच्या माणसाचं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केली, तर आदल्या दिवशी लिहिलेलं सगळं गायब. मराठी कीबोर्ड बसवलेला, तोही गायब. पाटी कोरी. निलोफर माझ्याकडं बघतेय. मी म्हणालो, "लिनक्स लय स्वच्छ सिस्टीम आहे. रोज सकाळी अंगण झाडल्यासारखं करून देतं. व्हायरसला राहायला जागाच नको. आपलं लिहिलेलं आपल्या खिशात ठेवायचं."

आणि खरं सांगतो, मला स्वतःलाही ते पटलं.

निलोफरला वडलांच्या दुकानातली सवय, कापड कापायच्या आधी दोनदा माप घ्यायची. तिनं एक वेगळा पेनड्राइव्ह गोफात ओवून गळ्यात घातला. रजिस्टरातलं जे काही टाइप होईल ते त्यात, आणि तो गळ्यात. रोज सकाळी येऊन ती मशीनमागून मशीन मराठी कीबोर्ड बसवायची, चूल पेटवावी तसा. मी येईपर्यंत सगळ्या चुली पेटलेल्या असायच्या.

*

मधेच एक सुभेदारमामांचं सांगतो. फौजेतून रिटायर झालेले, गल्लीतल्या गटारीबद्दल ग्रामपंचायतीला अर्ज लिहायला यायचे. एक दिवस अर्धा अर्ज झाला आणि त्यांच्या हातनं कीबोर्डवर भलतंच काही दाबलं गेलं. अर्ज गायब! समोर नुसता डोंगर.

"मेरा कागद किधर गया?" मामा उठूनच उभे राहिले. "शिवाजीराव, हे तुमचं लिनक्स म्हणजे दुश्मनाचं काम हाय."

मी मशीन बंद करणार होतो. निलोफरनं माझा हात अडवला, खालच्या पट्टीतल्या चार चौकोनांकडं बोट दाखवलं आणि दुसऱ्या चौकोनावरनं पहिल्यावर आली. अर्ज जागच्या जागी.

तिनं मामांना समजावलं, की या डेस्कटॉपला चार खोल्या आहेत. एकीत अर्ज ठेवा, दुसरीत बातम्या वाचा, तिसरीत गाणी लावा. तुम्ही चुकून शेजारच्या खोलीत गेला होता.

मामांनी चारी खोल्या फिरून पाहिल्या. सगळीकडं डोंगर. मग गंभीरपणे म्हणाले, "एका मशीनला चार, म्हंजे सहा मशीनला चोवीस खोल्या. आन् आमी हितं एका खोलीसाठी भांडतोय."

*

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडं त्या दिवशी ज्याचं पोट ज्यावर चालतं त्याची पूजा. ट्रॅक्टर, कोयता, सुताराची करवत, सगळं. निलोफरच्या वडलांच्या शिलाई मशीनलाही त्या दिवशी हार असतो; गिऱ्हाइकंच आणून घालतात, चाचा पेढे ठेवतात. तर वाचनालयात आबांनी पाटावर वस्त्र घातलं, त्यावर शिक्का, कात्री, पुस्तकं शिवायचं दाभण मांडलं, आणि मला म्हणाले, "मशीनचं हत्यार कुठलं?"

मी म्हणालो, "सगळा जीव पेनड्राइव्हमध्येच आहे, आबा." तीन आठवडे मी हेच सांगत होतो.

"मग ती काढ आन् ठेव हितं."

मशीन बंदच होती. सहाही पेनड्राइव्ह काढले, ताटात मांडले. आबांनी हळद-कुंकू वाहिलं, चांगलं चिमटी-चिमटी. फुलं घातली. एकदा पूजेला लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्यार उचलायचं नाही, हा नियम. तो आबांच्या आज्यानं मोडला नाही, आबा कशाला मोडतील?

मग आबांना वाटलं, बंद मशीनला हार घालणं बरं दिसत नाही. म्हणाले, "चालू कर सगळी. देवीला दिसू दे."

मी एकेक बटन दाबत गेलो. दाबताना माझ्या मनात काहीही नव्हतं. मग पहिल्या पडद्यावर गोल फिरायला लागलं. ओळखीचं गोल. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर. पाचव्यापर्यंत. आणि सावकाश, एकापाठोपाठ एक, पाचही पडद्यांवर मागचे अध्यक्ष प्रकट झाले. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फोटो, गळ्यात हार, डोळ्यांवर गॉगल. आणि एका मशीनवर गॉगलशेजारी लॉटरी.

हातात हार घेऊन आबा त्या पाच गॉगलांकडं बघत राहिले.

"शिवा," ते म्हणाले, "ह्याला आपन गेल्या इलेक्शनला पाडला हुता न्हवं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की तीन आठवडे लिनक्स मशीनमध्ये गेलंच नव्हतं. ते पाहुण्यासारखं पेनड्राइव्हवर बसून होतं, आणि घरात जुनाच मालक झोपला होता. उद्या चारला सभा. आणि पेनड्राइव्ह पूजेत, हात लावायची सोय नाही.

मग माझी नजर सहाव्या मशीनवर गेली. तिथं गॉगल नव्हता. निळा डोंगर होता. पेनड्राइव्ह ताटात, आणि मशीनवर डोंगर! खालची पट्टी चक्क मराठीत.

निलोफर त्या मशीनचा हार सरळ करत होती. सरळच होता तो.

*

सगळे प्रसाद घेऊन गेल्यावर मी तिला गाठलं. म्हणालो, "निलोफर, सहा नंबरला काय केलंस?"

"ते चित्र दाबलं, भाऊ."

"मी नको म्हणालो होतो ना?"

"तुम्ही दाबू नको म्हणालात. वाचू नको म्हणाला नव्हता." तिनं सांगितलं, की त्या चित्राखाली सरळ 'इन्स्टॉल' लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी पाटी कोरी दिसली, तेव्हा तिनं ते नीट वाचून काढलं, आधी जुन्या मशीनवरची सगळी रजिस्टरं आपल्या पेनड्राइव्हवर घेतली, आणि मगच दाबलं. एकाच मशीनवर. बिघडलं असतं तर एकच बिघडलं असतं, आणि तेही कोपऱ्यातलं. तीन आठवडे तिनं ते टिकतंय का बघितलं. रांगेत वेगळं दिसू नये म्हणून मशीन चालू झाल्यावर त्यालाही पेनड्राइव्ह खोचून ठेवायची. कोपऱ्यातल्या त्या मराठी पट्टीकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

म्हणजे रोज सकाळी चुली पाचच पेटवायच्या होत्या.

"मग मला सांगायचं नाही?"

ती म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी बैठकीत तुम्ही एकटेच उठला होता."

मी जाऊन ते पाच गॉगल एकेक करून बंद केले.

*

दसऱ्याला सकाळी आबांनी ताटावर अक्षता टाकल्या आणि हत्यारं मोकळी केली. पाच पेनड्राइव्ह, पाच मशीन. त्यातल्या एका पेनड्राइव्हच्या तोंडात कुंकू गच्च बसलेलं. निलोफरनं घरून शिलाई मशीन साफ करायचा ब्रश आणला आणि ते झाडून काढलं. बाकी सगळं तिनं सांगायचं, मी करायचं. भाषा मराठी. कीबोर्ड मराठी. गाव विचारलं तर जवळचं मोठं शहर.

मग पडद्यावर प्रश्न आला, की डिस्कवरचं जुनं सगळं पुसून टाकायचं का. निलोफरकडं सगळ्याची नक्कल होती, तरी मी थांबलो. पुसलं म्हणजे पुसलं. आणि चार वाजता सभा.

आबा मागं उभे होते. "काय इचारतंय?"

मी सांगितलं, जुनं सगळं जाईल म्हणतंय.

"त्यो गॉगलवाला बी जाईल?"

"जाईल."

"मग थांबलायस कशाला? दाब."

पाच वेळा दाबलं. दीड वाजेपर्यंत पाचही मशीन पेनड्राइव्ह काढून, बंद करून, परत चालू केली. पाच डोंगर. तीनदा बंद-चालू केली. परत डोंगर. मी खुर्चीत बसलो आणि मला कळलं, की मी सकाळपासून उभाच होतो.

*

सभा हॉलमध्ये भरली. सहा नंबरचं मशीन टेबलावर आणून ठेवलं होतं. भांडीवाले पहिल्या रांगेत. त्यांच्यातला एक उठला आणि म्हणाला, "डोंगर दिसतोय, झकास हाय. पर त्याचा वाचनालयाला उपेग काय?"

निलोफर उभी राहिली. म्हणाली, कुणाचंही नाव सांगा, त्यांनी आजवर नेलेली पुस्तकं इथं दिसतील.

भांडीवाला खाली बसला. स्वतःचं नाव कोण सांगणार? मग आबाच म्हणाले, "माझं घाल."

निलोफरचा हात कीबोर्डवर थांबला. रजिस्टरं तिनंच चढवली होती, त्यामुळं काय निघणार हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी धीर देणारी मान हलवली. तिनं नाव टाइप केलं.

एकच ओळ आली. सुभेदारमामा पुढं बसले होते, त्यांनी परेडच्या आवाजात वाचली, "शेळ्या-मेंढ्यांचे आजार व उपचार. नेले. परत आलेले नाही." आणि तारीख. मी तेव्हा चौथीत होतो.

निलोफर पडद्याकडं बघत उभी. तिच्या गळ्यातला गोफ तिनं मुठीत धरला होता.

आबा सावकाश उठले. "चाळीस वर्सं झाली," ते म्हणाले. "ह्या गावात एकानंबी मला पुस्तक मागितलं न्हाई. मशीन त्वांडावर बोललं. असलं मशीन भंगारात न्हाई घालायचं. पातेली माझ्या गोठ्यात ठेवा."

ठराव मागं. खोली राहिली. निलोफर राहिली. बाहेर आपट्याची पानं वाटायला सुरुवात झाली, आणि चाचांनी मला मिठी मारली ती इतकी घट्ट, की खिशातली पानं चुरगळली.

दुसऱ्या दिवशी आबांनी पुस्तक परत केलं. निम्मी पानं शेळीनं खाल्लेली! औषधाचं पुस्तक खाऊन ती शेळी पुढं अठरा वर्षं जगली, हे मी गावभर सांगितलं आणि गावानं ते मानलं.

*

आता कबुली.

शेळी मी घातली. ते पुस्तक आबांनी माझ्याकडंच आणून दिलं होतं, पिशवीत गुंडाळून. कोरं करकरीत. जुन्या छपाईत पानं कडेला जोडलेली असायची, कापून उघडावी लागायची. त्यातलं एकही पान कापलेलं नव्हतं. मी पुस्तक बघितलं, आबांकडं बघितलं. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोकास्नी शेळीनं खाल्लं म्हनून सांग."

मी सांगितलं. माझ्यासारख्याला एक शेळी म्हणजे काय मोठी गोष्ट?

दसऱ्यापासून आबा रोज अकरा वाजता सहा नंबरच्या मशीनवर येऊन बसतात. "तपासनी करतोय," असं सगळ्यांना सांगतात. निलोफरनं त्या मशीनवर अक्षर इतकं मोठं करून ठेवलंय, की पडद्यावर चारच शब्द मावतात. ती शेजारी रजिस्टर घेऊन बसलेली असते, आणि तिचं बोट पडद्यावरच्या एकेका अक्षराखालून सरकत असतं. दोघं काय बोलतात ते कुणाला ऐकू येत नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी त्याच मशीनवर टाइप केला आणि तसाच उघडा ठेवून गेलो. आबांना तो संपवायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले,

"शिवा, झ्याक लिवलंयस. ती शेळी तेवढी काढ."